'उद्यापासून ये' म्हणाले होते; आता जायचं कसं?

"उद्यापासून ये."

आपल्याकडच्या कितीतरी नोकऱ्या या दोन शब्दांवर लागतात. समजा, सांगलीतलं टाइल्स आणि नळ-फिटिंगचं एक दुकान आहे. गोडाऊनची पोरं धरून बारा-तेरा माणसं. हिशेबाला बसणाऱ्या ताई सहा वर्षांपूर्वी कुणाच्या तरी ओळखीनं लागल्या. शेठ म्हणाले, "नऊ हजार देईन, काम बघून वाढवू." वाढत वाढत पगार १८,००० झाला. नेमणुकीचं पत्र कधी मिळालं नाही, सॅलरी स्लिप कधी पाहिली नाही. आता त्यांना पुण्यात चांगली नोकरी मिळाली आहे आणि तिथं महिनाभरात हजर व्हायचं आहे.

शेठना सांगितलं तर उत्तर आलं, "असं कसं? तीन महिने थांबावं लागेल. मार्च एंड कोण करणार? आत्ता गेलात तर या महिन्याचा पगार विसरा." घरी सांगितलं तर भाऊ म्हणाला, "तुझ्याकडे कागदच नाही. कसली नोटीस नि कसलं काय! उद्यापासून जाऊच नको."

दोघंही चुकतात. कागद नाही म्हणजे करार नाही, असं भावाला वाटतं. कागद नाही म्हणजे आपण म्हणू तोच करार, असं शेठना वाटतं.

भारतीय करार कायदा १८७२ चा आहे, आणि करार लेखीच हवा असं तो म्हणत नाही. एकानं देऊ केलं, दुसऱ्यानं कबूल केलं, बदल्यात पैसे ठरले, एवढं झालं की करार झाला. "नऊ हजार देईन, ये" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजर राहणं, यात हे सगळं आलं. पुढं सहा वर्षांत त्या करारात रोजच्या वागण्यातून कलमं वाढत गेली. पगार सात तारखेला होतो, सोमवारी दुकान बंद असतं, खाडा झाला की दिवसाचे पैसे कापतात. कुणी लिहून ठेवलं नसलं तरी दोघांनी ते पाळलं, म्हणून ते ठरलेलं आहे.

पण जे कधी ठरलंच नाही, ते शेवटच्या दिवशी ठरवता येत नाही. तीन महिन्यांच्या नोटिशीचा विषय सहा वर्षांत एकदाही निघाला नसेल, आधी सोडून गेलेल्या कुणाला ती लावली नसेल, तर ती अचानक उगवू शकत नाही. वाद झालाच तर अमुक अट होती हे शेठनी दाखवून द्यायचं.

मग नोटीस द्यायची तरी किती?

जिथं काहीच ठरलेलं नाही तिथं न्यायालयं 'वाजवी' मुदत धरतात. वाजवी म्हणजे किती हे कामावर अवलंबून. काउंटरवरच्या मुलाला पंधरा दिवस पुष्कळ झाले. एकट्यानं सगळा हिशेब सांभाळणाऱ्या माणसाला महिना धरावा. माझं मत विचाराल तर महिन्याच्या पगारावर असलेल्या कुणीही महिन्याची नोटीस द्यावी आणि त्यावर घासाघीस करू नये. महिना देऊन गेलेल्या माणसाविरुद्ध बोलायला फारसं काही उरत नाही.

हा तीस दिवसांचा आकडा आपल्याकडं जुना आहे. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमात वर्षाहून जास्त नोकरी झालेल्या माणसाला काढायचं तर मालकानं ३० दिवसांची लेखी नोटीस द्यायची, आणि तीन महिने ते वर्ष या टप्प्यातल्या माणसाला १४ दिवसांची, असं होतं. बंधन मालकावर होतं, नोकरावर नव्हतं. तो कायदा जाऊन २०१७ चा नवा आला, पण बाजारात 'एक महिना' हे माप राहिलं.

काही ठिकाणी हातात पत्र नसलं तरी नियम असतात, हे मात्र विसरू नका. मोठ्या कारखान्यात स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे नियम, असतात, ते फाटकाजवळ लावलेले असतात, आणि नोटिशीची मुदत त्यांत सापडते. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांना १९७७ चा वेगळा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. कायम शिक्षकानं तीन महिन्यांची आणि कायम नसलेल्यानं एक महिन्याची नोटीस द्यायची, हे तिथं ठरलेलं आहे. मग संस्थेनं पत्र दिलेलं असो वा नसो.

समजा, नोटीस दिलीच नाही, भावाचं ऐकून सरळ घरी बसलं, तर काय होईल? शेठ दिवाणी दावा लावू शकतात. पण तिथं त्यांना नेमकं किती नुकसान झालं आणि ते या जाण्यामुळंच कसं झालं, हे आकड्यांनिशी दाखवावं लागेल. 'माणूस शोधताना त्रास झाला' एवढ्यानं भागत नाही. म्हणून असे दावे क्वचित होतात. नुकसान होतं ते वेगळ्याच बाजूनं. 'न सांगता पळून गेले' असं बोललं जातं, उरलेला पगार अडकतो, आणि नवीन कंपनीनं चौकशीला फोन केला तर शेठ काय सांगतील याची शाश्वती राहत नाही.

"पोलिसांत देईन"

ही धमकी हमखास मिळते. नोकरी सोडणं हा गुन्हा नाही.

एकेकाळी मात्र होता! १८५९ मध्ये इंग्रजांनी एक कायदा केला होता. आगाऊ पैसे घेऊन कामगारानं काम सोडलं तर मालक मॅजिस्ट्रेटकडं जाई, मॅजिस्ट्रेट त्याला कामावर परत जायला सांगे, आणि तो गेला नाही तर तुरुंगात टाकी. तो कायदा १९२५ मध्ये रद्द झाला. शंभर वर्षं होऊन गेली, पण मालकाच्या तोंडची भाषा अजून त्याच कायद्याची आहे.

आज गोष्ट नेमकी उलट आहे. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदानं सक्तीच्या मजुरीला बंदी आहे. उचल दिली आहे म्हणून माणसाला कामावर बांधून ठेवणं, हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याखाली मालकाचा गुन्हा ठरू शकतो. ऊसतोडीपासून वीटभट्टीपर्यंत 'आधी उचल फेड, मग जा' हे वाक्य आपण इतकं ऐकलेलं असतं की ते कायदेशीरच वाटू लागतं. दुकानात शेठकडून साधे वीस हजार घेतले असतील तर ते देणं आहे. ते फेडायचं, हिशेबात वळतं करायचं. पण ते फिटेपर्यंत काम सोडता येत नाही, असं नाही.

एक अपवाद आहे आणि तो घरोघरी आजारी माणसांजवळ राहणाऱ्या आया-मावशींना ठाऊक हवा. लहान वयामुळं, मनोरुग्ण असल्यामुळं किंवा आजारपणामुळं जो स्वतःचं काहीच करू शकत नाही, त्याची देखभाल कायदेशीर करारानं अंगावर घेतली असेल आणि ती जाणूनबुजून सोडली, तर भारतीय न्याय संहितेच्या ३५७ व्या कलमाखाली शिक्षा होऊ शकते. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना एकटं टाकून रात्री निघून जायचं नाही. घरच्यांना सांगून, दुसरी व्यवस्था लागायला वेळ देऊन जायचं. टाइल्सच्या दुकानातल्या हिशेबाला हे कलम लागत नाही.

दुकानातली रोकड, ग्राहकांची यादी असलेला लॅपटॉप किंवा कंपनीचा डेटा घेऊन जाणं ही वेगळी गोष्ट. तिथं पोलिसांची धमकी पोकळ राहत नाही.

राजीनामा हाच तुमचा पहिला कागद

आता मुख्य मुद्दा. ज्याच्याकडं नेमणुकीचं पत्र आहे त्याचा राजीनामा दोन ओळींचा असला तरी चालतो. ज्याच्याकडं काहीच नाही त्याच्या राजीनाम्याला दुप्पट काम करावं लागतं. नोकरी संपते आहे हे सांगायचं आणि मुळात नोकरी होती हेही सांगायचं. तुम्ही कधी लागलात, काय काम करत होता, पगार किती, हे सहा वर्षांत कुणी लिहिलं नाही. ते तुम्हीच लिहायचं, आणि त्यावर शेठची पोच घ्यायची. साधारण असं:

"मी आपल्या दुकानात अमुक तारखेपासून हिशेबनीस म्हणून काम करीत आहे. सध्या मला दरमहा १८,००० रुपये पगार मिळतो. मला दुसरीकडे नोकरी मिळाल्याने मी या नोकरीचा राजीनामा देत आहे. आजपासून ३० दिवसांनी, म्हणजे अमुक तारखेला, माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. तोपर्यंतचा पगार, शिल्लक रजेचा पगार, ग्रॅच्युइटी व इतर देय रकमा कृपया वेळेत द्याव्यात. माझ्याकडील कामाचा ताबा आपण सांगाल त्यांच्याकडे देण्यास मी तयार आहे."

बस्स. सहा वर्षांची मळमळ यात ओतू नका. ती वाचणारा माणूस तुमच्या ग्रॅच्युइटीच्या चेकवर सही करणार असतो.

'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द मात्र विचार करून वापरा. खरोखर दुसरीकडं जात असाल तर काही बिघडत नाही. पण तीन महिने पगार मिळाला नाही म्हणून सोडत असाल, किंवा कामाच्या जागी कुणी त्रास देतंय म्हणून सोडत असाल, तर ते एका सरळ वाक्यात लिहा. उद्या दाद मागायला गेलात की समोरचा हाच कागद पुढं करून म्हणतो, "यांनीच वैयक्तिक कारण लिहिलंय की!"

पत्राच्या दोन प्रती काढायच्या. एक शेठच्या हातात द्यायची आणि दुसरीवर 'मिळाले', तारीख आणि सही घ्यायची. सही देत नसतील तर वाद घालू नका. त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्राचा फोटो पाठवा, ईमेल असेल तर ईमेल करा, आणि पोस्टात जा. पूर्वी आपण 'रजिस्टर ए.डी.' करायचो. २०२५ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं. आता काउंटरवर स्पीड पोस्ट सांगायचं आणि सोबत पोचपावती मागायची. लिफाफा शेठनी परत पाठवला तर तो न फोडता तसाच ठेवा.

त्याआधीच्या आठवड्यात, म्हणजे काही बोलायच्याही आधी, नोकरीचे पुरावे गोळा करून ठेवा. पगार बँकेत जमा होत असेल तर सहा वर्षांचं स्टेटमेंट. पीएफ असेल तर पासबुक, ईएसआय असेल तर कार्ड. टीडीएस कापला असेल तर आयकर खात्याचं २६एएस विवरण, त्यात कापणाऱ्याचं नाव असतं. पगार रोख मिळत असेल तर अवघड होतं, पण माणूस कुठंतरी खुणा सोडतोच. व्हाउचरवर तिकीट लावून केलेली सही, 'ताई, आज जीएसटी भरला का?' असा शेठचा मेसेज, ट्रान्सपोर्टच्या पावतीवरची तुमची सही, तुमच्या नावाचं व्हिजिटिंग कार्ड, शेजारच्या दुकानदाराची साक्ष. एकेकटं यातलं काही फार वजनदार नाही, पण चार एकत्र आले की पुष्कळ होतं.

"मी राजीनामा स्वीकारतच नाही"

हे ऐकून पुष्कळजण गळपटतात. राजीनामा देणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे आणि इच्छा नसताना कुणाला नोकरीत राहायला भाग पाडता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सांगितलं. सेवानियमांत तशी अट असेल, किंवा चौकशी चालू असेल आणि ती टाळायला राजीनामा दिला असेल, तर गोष्ट वेगळी. आपल्या दुकानात सेवानियमही नाहीत आणि चौकशीही नाही. नोटिशीची मुदत संपली की नोकरी संपली. शेठनी मान हलवली किंवा नाही हलवली, यानं फरक पडत नाही.

आणि उलट्या बाजूनं? पत्र दिलं, पण पुण्याची नोकरी फिसकटली, तर परत फिरता येतं का? पुढची तारीख टाकून दिलेला राजीनामा ती तारीख येईपर्यंत मागं घेता येतो, हे तत्त्व १९७८ मध्येच पक्कं झालं आहे, आणि तेही एका उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या राजीनाम्यावरून! अलीकडचं उदाहरण आपल्या कोकण रेल्वेचं. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं २३ वर्षांच्या नोकरीनंतर डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला आणि मे २०१४ मध्ये मागं घेतला. रेल्वेचं म्हणणं होतं की आम्ही तो एप्रिलमध्येच स्वीकारला होता. पण तो स्वीकार त्या माणसापर्यंत पोचलाच नव्हता आणि मधल्या काळात त्याला कामावर बोलावणंही चालू होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला परत घ्यायला लावलं आणि मधल्या काळाचा निम्मा पगारही देववला. दहा वर्षं गेली, हेही लक्षात घ्या. छोट्या दुकानात एवढं करून कुणी परत जात नाही. मन डळमळीत असेल तर पत्रच आठवडाभर उशिरा द्या.

शेठच म्हणाले, "राजीनामा लिहून दे" तर?

हात थांबवा. हा सगळा लेख विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका.

वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला मालकानं कमी केलं, तर त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि शिवाय पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. तुम्ही स्वतः राजीनामा दिलात की ही भरपाई मालकाला द्यावी लागत नाही. म्हणून तर 'रेकॉर्ड खराब होईल, त्यापेक्षा राजीनामा दे, मी चांगला दाखला देतो' असा प्रेमळ सल्ला मिळतो. सहा वर्षांचे नव्वद दिवस म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार, तो एका सहीत जातो.

काही ठिकाणी तर नोकरीला लागतानाच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवतात. खासगी शाळांत तारीख न टाकलेल्या राजीनाम्याची भीती जुनीच आहे. १९७७ च्या शाळा कायद्याचं सातवं कलम वाचलं की ती कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक असावी असं वाटतं. कर्मचाऱ्यानं राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख टाकायची, एक प्रत व्यवस्थापनाला रजिस्टर पोस्टानं धाडायची आणि दुसरी स्वतःकडं ठेवायची. एवढ्या साध्या गोष्टीसाठी एवढी कवायत कशाला? कपाटातून काढलेल्या कोऱ्या सहीच्या कागदाला पोस्टाचा शिक्का नसतो, म्हणून. हे कलम शाळांपुरतं आहे, पण तुम्ही ते आपणहून पाळलंत तर कुणाची ना नाही.

पैशांचं काय

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या वेतन संहितेत एक बदल लहान दिसतो पण मोठा आहे. जुन्या १९३६ च्या कायद्यात मालकानं काढून टाकलं तर दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पगार चुकता करायचा होता, पण स्वतः सोडणाऱ्याचा तिथं उल्लेख नव्हता. आता राजीनामा देणाराही त्यात आला. दोन कामाच्या दिवसांत पगार द्यायचा. 'फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी' हे ऑफिसमधलं वाक्य पगारापुरतं तरी आता कायद्याला धरून नाही. जुना कायदा ठरावीक पगाराच्या वरच्यांना लागत नसे. नवी संहिता मॅनेजरलाही लागते. माणसं किती आहेत याचीही अट नाही.

'या महिन्याचा पगार विसरा' याला म्हणून आधार नाही. केलेल्या कामाचा पगार हा पगारच. खाडे कापा, दिलेली उचल कापा. पण कोणत्या कारणासाठी कपात करता येते याची यादी कायद्यात दिलेली आहे, आणि सगळ्या कपाती मिळूनही पगाराच्या निम्म्याच्या वर जाता येत नाही. नोटीस-पे, म्हणजे नोटीस न देता गेल्यास भरायचा पगार, आधी कधी ठरलेलाच नसेल तर तो कापायलाही आधार उरत नाही.

ग्रॅच्युइटीबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहे. ती कंपन्यांमध्येच मिळते, निवृत्तीलाच मिळते, कागद असेल तरच मिळते, ही तिन्ही वाक्यं चूक. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानालाही ती लागू होते, आणि एकदा लागू झाली की पुढं माणसं कमी झाली तरी सुटत नाही. पाच वर्षं सलग नोकरी झाली असेल तर राजीनामा देऊन जाणाऱ्यालाही मिळते. हिशेब सोपा आहे. शेवटचा महिन्याचा पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. आपल्या ताईंचे १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६ म्हणजे सुमारे ६२,३०८ रुपये. सहा महिन्यांहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. यातला पगार म्हणजे मुख्यतः मूळ पगार आणि महागाई भत्ता. पण ज्या शेठनी कधी स्लिपच दिली नाही, त्यांनी पगाराची फोडही केलेली नसते. मग सगळे १८,००० मूळ पगारच धरा, असं म्हणायला चांगली जागा राहते. कागद न करण्याचा फायदा कधीकधी असा उलटतो. ही रक्कम ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासह. ताईंनी साडेचार वर्षांवर सोडायचं ठरवलं असतं, तर मी त्यांना सहा महिने दम धरा म्हटलं असतं.

बोनसचं थोडक्यात. वीस किंवा जास्त माणसं असतील आणि पगार २१,००० पर्यंत असेल, तर वर्षात तीस दिवस काम केलेल्यालाही किमान ८.३३ टक्के बोनस लागू होतो. राजीनामा दिला म्हणून तो बुडत नाही. 'दिवाळीआधी गेलात तर बोनस नाही' हे म्हणूनच खरं नाही, कारण दिवाळीला मिळतो तो मार्चला संपलेल्या वर्षाचा. आपल्या सांगलीच्या दुकानात मात्र वीस माणसं नाहीत. तिथलं दिवाळीचं पाकीट हा शेठचा रिवाज, त्यावर फार ताणू नये.

रजेचं पाहायचं तर २०१७ च्या दुकान कायद्यानं (२०२५ च्या दुरुस्तीनंतर तो वीस किंवा जास्त माणसांच्या ठिकाणीच पूर्णपणे लागतो) वर्षात २४० दिवस भरलेल्याला दर वीस दिवसांमागं एक भरपगारी रजा मिळते, ४५ पर्यंत साठते. रजेचं रजिस्टरच नसेल तर तुमच्या डायरीवरून हिशेब मांडून द्या आणि चूक असेल तर दाखवा म्हणा.

शेवटी शेठ एक व्हाउचर पुढं करतील, त्यावर 'सर्व रक्कम मिळाली, काही येणे नाही' असं छापलेलं असेल. ग्रॅच्युइटी मिळालेली नसताना त्यावर नुसती सही करू नका. सहीच्या वर हातानं लिहा, 'फक्त अमुक महिन्याचा पगार मिळाला, बाकी हक्क राखून.' शेठ चिडतील. चिडू द्या.

अडकवून ठेवलेल्या वस्तू

दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याचा हक्क कुठलाही कायदा मालकाला देत नाही. ती लेखी मागा, एकेका कागदाचं नाव लिहून. कोरा चेक दिलेला असेल तर त्याची जास्त काळजी करा. त्याचा नंबर राजीनाम्यासोबतच्या वेगळ्या पत्रात लिहा, आपलं कुठलंही देणं नाही हे लिहा, आणि परत मागा. बँकेत नुसतं 'स्टॉप पेमेंट' करून बसणं पुरत नाही, कारण त्यानंही चेक न वटल्याचा खटला उभा राहू शकतो. त्या वेळी हे पत्र कामाला येतं.

'समोरच्या दुकानात कामाला जायचं नाही' ही अट तर लेखी असली तरी नोकरी संपल्यावर बहुधा टिकत नाही. करार कायद्याचं २७ वं कलम धंदा-रोजगारावर अशी आडकाठी मानत नाही. बाँडचं तसं नाही. विजया बँकेनं तीन वर्षांच्या आत सोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून दोन लाख घेण्याची अट घातली होती, ती सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये योग्य ठरवली. पण तिथं सही केलेला कागद होता, सरकारी बँक होती आणि जाहिरात देऊन केलेली भरती होती. 'तुला काम शिकवलं, आता दोन लाख टाक' असं तोंडी म्हणणाऱ्याला त्या निकालाचा उपयोग नाही.

अनुभवाच्या दाखल्याचं मात्र खरं सांगायचं तर दुकानदारानं तो दिलाच नाही तर जबरदस्तीनं मिळवायची सोपी वाट नाही. म्हणून तर तो पोच घेतलेला राजीनामा जपायचा. नवीन ठिकाणी तोच आणि बँकेचं स्टेटमेंट दाखवा, बहुतेक जागी चालतं. दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना नव्या चार संहितांपैकी एकीनं प्रत्येकाला नेमणूकपत्र देणं बंधनकारक केलं आहे, जुन्या माणसांनाही तीन महिन्यांच्या आत. तुम्ही सोडायचा विचार वर्षभरानं करणार असाल तर आजच ते मागून ठेवा. 'बँकेत कर्जाला लागतंय' म्हटलं की शेठनाही वावगं वाटत नाही.

तक्रार, आणि शेवटचा दिवस

पैसे अडलेच तर आधी एक साधं मागणीपत्र, रकमेच्या तपशिलासह. पंधरा दिवसांत काही झालं नाही तर जिल्ह्याच्या सहाय्यक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज. वेतन संहितेत पगाराचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे. अधिकाऱ्याला पटलं तर मूळ रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देता येते. एवढं क्वचितच होत असेल, पण पत्रात या तरतुदीचा उल्लेख असला की समोरचा फोन उचलतो. ग्रॅच्युइटीचा अर्ज वेगळा करावा लागतो, दोन्ही एकात घालू नका.

पीएफ असेल तर नोकरी सोडल्याची तारीख मालकानं पोर्टलवर टाकायची असते. त्यानं टाकली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतः टाकता येते, आधारवर येणाऱ्या ओटीपीनं. त्यासाठी शेठच्या मिनतवाऱ्या करायची गरज राहिलेली नाही.

ताबा देताना यादी करा. कपाटाच्या किल्ल्या, टॅलीचा आणि जीएसटी पोर्टलचा पासवर्ड, दुकानाचं सिमकार्ड, रोकड किती, अपुरी बिलं कोणती, कुणाकडून किती येणं. दोन प्रती, सही, तारीख. हिशेबाच्या माणसानं तर हे केलंच पाहिजे. तुम्ही गेल्यावर चार महिन्यांनी गल्ल्यात पाच हजार कमी निघाले तर नाव कुणाचं निघेल ते सांगायला नको. तुमचा मोबाइल नंबर कुठल्या सरकारी पोर्टलला किंवा बँकेला जोडलेला असेल तर तो बदलून घ्या, नाहीतर पुण्यात नव्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये सांगलीचे ओटीपी येत राहतील.

आणि दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून रागानं बाहेर पडू नका. आधी ते चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला ईमेल करा. सहा वर्षं रोज सकाळी साडेनऊला तुम्ही दुकान उघडल्याचा फोटो तिथं टाकत होता.